वाळकी लाकडं

सकाळी सहाला राणीची माणसं मार्जरीच्या घरात शिरली. १५९४ सालचं प्रॉटेस्टंट इंग्लंड. कॅथलिक पाद्री सापडला तर त्याला फाशी आणि आसरा देणाऱ्यालाही. मार्जरीचा धाकटा भाऊ पाद्री होता आणि त्या क्षणी दिवाणखान्यातल्या धुराड्यामागच्या पोकळीत बसला होता.

चार तास भिंती ठोकूनही कोणी सापडलं नाही. हात चोळत त्यांचा अधिकारी त्याच धुराड्याखालच्या फायरप्लेसपाशी थबकला.

"भर जानेवारीत ही गार कशी, बाईसाहेब? तुम्ही कॅथलिक शेकण्याचाही उपास धरता वाटतं?"

"धुराडं तुंबलंय, साहेब. सगळा धूर घरात येतो."

"येऊ दे. पेटवा."

नाही म्हटलं, तर तो तिथलीच भिंत फोडणार. धूर कमी व्हावा म्हणून मार्जरीने वाळकी लाकडं निवडली आणि स्वतःच्या हाताने पेटवली. धूर सरळ वर निघून गेला.

अधिकाऱ्याने वाकून वर पाहिलं. "तुंबलेलं तर काही दिसत नाही," तो म्हणाला, खुर्ची ओढून बसला आणि त्याने आणखी लाकडं मागवली.

दुपारी दोनपर्यंत तो उठला नव्हता, आणि भिंतीमागून एकदाही खोकला ऐकू आला नव्हता.