चार इंच

नॉर्बर्ट झिएंबाने पट्टी बर्फात खुपसली, तर पट्टीबरोबर त्याचा हातही कोपरापर्यंत आत गेला.

"आयला!" तो एकटाच खिदळला. अंगात उलटा स्वेटर. शिवणी बाहेर, मानेवर लेबल फडफडतंय. काल झोपायच्या आधी त्याने संडासात बर्फाचे खडे टाकून पाणी सोडलं होतं, उशीखाली चमचा ठेवला होता. बर्फ पडून शाळेला सुट्टी मिळावी म्हणून अमेरिकेत बफेलो शहराकडची पोरंटोरं करतात ते सगळं, उलट्या स्वेटरसकट. नॉर्ब बावन्न वर्षांचा होता, पण बर्फ म्हटलं की त्याचं वय कुठच्या कुठे पळायचं.

अंगणातली लाल छत्री आता नुसती टोपीसारखी बर्फावर टेकली होती. दांडा गडप. गेल्या महिन्यात त्याने गल्लीभर बोंब ठोकली होती, तीन फूट पडणार म्हणून. दुकानातले पाव संपले, आणि पडला चिमूटभर. दुसऱ्या दिवशी त्याच्या धाकट्या बहिणीने, लोरेटाने, ही समुद्रकिनाऱ्यावरची छत्री त्याच्या दारात रोवली. खाली खुर्ची, खुर्चीवर सरबताचा ग्लास. अख्खी गल्ली फोटो काढून गेली. नॉर्बही हसला. छत्री मात्र त्याने उपटली नाही. वेळ आली की बघू एकेकाकडे, म्हणाला.

फोन वाजला. लोरेटाच.

"दादा, तुझे चार इंच माझ्या गाडीच्या काचेच्या वर गेलेत."

"तू घरी नाहीस?"

"तळ्याकाठच्या रस्त्यावर आहे. रुतलेय. पुढचं दिसत नाही, मागचं दिसत नाही, गाडीचं नाकसुद्धा दिसत नाही."

"बाहेर कशाला कडमडलीस?"

"कशाला म्हणजे? वृद्धाश्रमात माझी पाळी होती. म्हातारी माणसं वाट बघत असतात. आणि तूच कळवलंस ना सगळ्यांना, बर्फाचा पट्टा खाली दक्षिणेला जाणार, आपल्याकडे चार इंच. मी म्हटलं, दादा चार म्हणतो म्हणजे दोन."

नॉर्ब पायरीवर खाली बसला.

काल संध्याकाळी नकाशा त्याच्यासमोर होता. समुद्राएवढं तळं अजून कोमट, वरून गोठवणारा वारा, आणि तोही तळ्याच्या लांबीतून सरळ. अशा वेळी तळ्याची वाफच बर्फ होऊन काठावर कोसळते. बर्फाचा पट्टा बरोबर त्यांच्या गावावर. चार फूट. त्याने तसं लिहिलंही होतं. मग खिडकीतून ती छत्री दिसली. त्याने फूट खोडून इंच केलं, सगळ्यांना पाठवलं आणि खुशीत स्वेटर उलटा केला. उद्या सगळ्यांची जिरेल, नुसती धमाल.

"अग्निशमनवाल्यांना फोन केलास?"

"केला. त्यांचीच गाडी रुतलीय म्हणे. आत बसून राहा म्हणाले."

"लोरे, ऐक. धुराच्या नळीवरचा बर्फ काढ आधी. नाहीतर इंजिन बंद कर. धूर आत येतो, कळतसुद्धा नाही."

"दार उघडत नाही रे. खांदा लावून झाला. आणि इंजिन बंद केलं तर गारठून मरेन."

"मग काच खाली कर थोडी."

"केली होती. बर्फ मांडीवर आला." ती हसली. हसणं जरा ओढल्यासारखं वाटलं. "डोकं दुखतंय. बाकी मस्त आहे. उबदार."

नॉर्ब उठून ओरडला. पलीकडचा एडविन, त्याच्याकडे बर्फ ढकलायचा ट्रक होता, छातीएवढ्या बर्फातून वाट काढत कुंपणापाशी आला.

"ट्रक काढ! लोरेटा अडकलीय, तळ्यापाशी!"

"ट्रक आहे कुठे? तासभर शोधतोय मी," एडविन ओरडला. "चार इंच म्हणालास म्हणून नेहमीसारखा उतारावर उघड्यावरच लावला होता, गेला बर्फाखाली!"

फोनमधून लोरेटा म्हणाली, "दादा, एक सांग. हा पट्टा सरकणार कधी? मस्करी नको."

नॉर्बने वर पाहिलं. आभाळ नव्हतंच. वारा कुठून येतोय ते त्याला गालावर कळत होतं. हा वारा उद्यापर्यंत हलणार नव्हता.

"तासाभरात," तो म्हणाला. "वारा फिरलाय. तासाभरात मोकळं होईल. पण तोवर इंजिन बंद ठेव. जॅकेट डोक्यावरून घे. झोपू नकोस, ऐकतेस ना? शिव्या घाल मला, पण झोपू नकोस."



"तासाभरात," ती म्हणाली. "बरं. या वेळी ठेवते विश्वास."

मागे इंजिनची घरघर चालूच होती.

"लोरे, बंद कर आधी! लोरे?"

घरघर. मग तीही नाही. फोन तुटला होता.

त्याने पुन्हा पुन्हा फोन लावला. शेवटी एकदा फोन त्याच्या हातातच टुणकन वाजला आणि त्याने तो जवळजवळ पाडलाच. बर्फवेड्या मित्रांचा ग्रुप होता. चौघेपाचजण एकदम.

"नॉर्ब, पट्टा थेट तुझ्या डोक्यावर! नशीब काढलंस लेका!"

"आम्ही इथे कोरडे. किती झालं? आकडा टाक ना!"

एडविन कुंपणापलीकडून काहीतरी विचारत होता. वाऱ्यात ऐकू येत नव्हतं.

नॉर्बने फोन पायरीवर ठेवला. स्वेटर डोक्यावरून काढला. त्या वाऱ्यात, नुसत्या बनियनवर उभा राहून, एक बाही आत हात घालून ओढली, मग दुसरी. बोटं वळत नव्हती. शिवणी आत गेल्या, लेबल आत गेलं. त्याने स्वेटर सुलटा करून अंगात घातला, नीट खाली ओढला, आणि आभाळाकडे बघत उभा राहिला.

छत्री आता दिसत नव्हती.