केसभर वाकडी

परीक्षकाने भिंग डोळ्याला लावलं, पांढऱ्या रॉकेटच्या अंगावरून खालून वर नेलं आणि मध्येच थांबवलं.

“कवळीबाई, ही पट्टी वाकडी बसलीय.”

मागे कुणीतरी हसलं. खऱ्या रॉकेटची हुबेहूब प्रतिकृती करायची आणि ती उडवूनही दाखवायची, अशी ती स्पर्धा. बाई पोटापाण्यासाठी लोकांच्या कवळ्या बनवत, म्हणून सगळा क्लब त्यांना कवळीबाई म्हणे. दात कोरायच्या अवजारांनीच सात महिने खपून त्यांनी त्या हातभर रॉकेटवर तीनशे बारा रिव्हेट, सहा अँटेना आणि वायरी झाकणारी ही लांब पट्टी चढवली होती.

“वाकडीच आहे,” बाई म्हणाल्या.

“ड्रॉइंगमध्ये तर सरळ आहे.”

“ड्रॉइंगमध्ये सगळंच सरळ असतं, साहेब.”

त्यांनी पिशवीतून एक फोटो काढून टेबलावर ठेवला. खरं रॉकेट, उड्डाणाच्या आदल्या दिवशीचं. तिसऱ्या जोडाखाली पट्टी केसभर डावीकडे सरकली होती. बसवणाऱ्याचा हात हलला असेल, नाहीतर जेवणाची सुट्टी झाली असेल, देव जाणे.

“सत्तावीस वर्षं दात बनवतेय,” बाई म्हणाल्या. “सगळे एका ओळीत बसवले की माणूस लांबूनच ओळखतो, खोटे आहेत म्हणून.”

परीक्षकाने फोटो पाहिला, रॉकेट पाहिलं, पुन्हा फोटो पाहिला. मग कागदावरचा आकडा खोडून दुसरा लिहिला. तो कुणाला दिसला नाही. पण शेजारच्या टेबलावरचे एक इंजिनियर स्वतःच्या सरळसोट रॉकेटकडे जरा संशयाने बघायला लागले.

खरा घोर पुढेच होता. उडताना जे तुटेल त्याचे गुण कापत. गेल्या वर्षी चार अँटेना हवेतच गळाल्या आणि हातातोंडाशी आलेला पहिला नंबर गेला. या वेळी बाईंनी एकेक तुकडा आतून कोरून टरफलासारखा हलका केला होता आणि प्रत्येक अँटेनाला टाचणीएवढी खुंटी ठेवून ती अंगात रुतवली होती.

त्यांची पाळी सगळ्यात शेवटी आली. सुनेने बटणावर बोट ठेवलं.

“आई, वारा सुटलाय. थांबायचं का जरा?”

“थांबून काय होणार? दाब.”

रॉकेट सणसणत वर गेलं. सगळ्यांच्या माना वर झाल्या. एकट्या बाई खाली गवताकडे बघत होत्या, काही पडतंय का ते.

“आई, रॉकेटची हवाई छत्री उघडली,” सून म्हणाली. “अहो, वर बघा तरी.”

बाईंनी वर बघितलं, चपला काढून हातात घेतल्या आणि अठ्ठावन्नाव्या वर्षी मैदानभर धावत सुटल्या. रॉकेट गवतात अलगद आडवं झालं होतं. गुडघ्यांवर बसून त्यांनी बोटाने चाचपत मोजलं. सहाच्या सहा अँटेना. पट्टी होती तशी, केसभर वाकडी.

मागून परीक्षक धापा टाकत आला. त्याने भिंग लावलं, दोनदा मोजलं आणि शेवटी भिंग खिशात घातलं.

“एक तुकडा गेला नाही, बाई. पहिला नंबर तुमचा.”

शेजारच्या टेबलावरच्या इंजिनियरांनी येऊन दोन्ही हातांनी त्यांचा हात धरला. “पुढच्या वर्षी बघतो तुम्हाला,” ते म्हणाले, आणि बाई मोकळेपणी हसल्या.

सून तेवढ्यात रुमाल घेऊन वाकली. इंजिनाच्या जाळाने पांढऱ्या शेपटीवर काळे फराटे उमटले होते, कुठे दाट, कुठे धुरासारखे विरत गेलेले.

“बक्षिसाच्या फोटोआधी एवढी काजळी पुसते, आई.”

बाईंनी रॉकेट चटकन छातीशी घेतलं.

“हात लावू नकोस. अशी खरी काजळी, सात महिन्यांत तेवढंच एक मला जमलं नव्हतं.”