आकडे न गेलेले दोन दिवस

यादी रिकामीच होती.

‘कुठल्या डिस्कवर टाकायचं ते निवडा,’ असं पडद्यावर लिहिलेलं आणि खाली नुसता पांढरा चौकोन. प्रणाली नव्याने भरायचा पेन ड्राइव्ह खोचलेला होता, कपाटातली राखीव नवी डिस्क बसवून झाली होती, स्क्रू घट्ट होते, तरी कॉम्प्युटरला ती दिसत नव्हती. निरीक्षकाने चौथ्यांदा झाकण उघडलं. केबल काढली, फुंकर मारली, परत खोचली. पुन्हा तोच पांढरा चौकोन.

“नाकासमोर ठेवलीय, आणि म्हणे दिसत नाही,” तो मोठ्याने म्हणाला. ऐकायला कुणी नव्हतं.

डोंगरमाथ्यावरच्या त्या हवामान केंद्रात तो नऊ वर्षं एकटाच होता. दर तीन तासांनी वारा, पाऊस, तापमान मोजायचं, कॉम्प्युटरवर भरायचं, मुख्य कार्यालयाला पाठवायचं. खालच्या वस्तीत त्याला ‘वारेवाले’ म्हणत. महिन्यातून एकदा हमाल सामान घेऊन वर येई, पाणी पिऊन उतरून जाई. बायको जाऊन सहा वर्षं झाली होती. बहिणीचा फोन वर्षाकाठी एखादा.

त्याने मनाशी एक हिशोब मांडून ठेवला होता. आपण इथे मेलो, तर तीन तासांत कळेल. आकडे चुकले की कुणीतरी विचारेलच. या हिशोबावर त्याला शांत झोप लागे.

परवा सकाळी जुनी डिस्क खडखड करून बंद पडली. तेव्हापासून एकही आकडा गेला नव्हता. आणि कुणीही विचारलं नव्हतं.

फोनला रेंज फक्त कुंपणाच्या एका कोपऱ्यात मिळे. तिथे उभा राहून त्याने दुरुस्ती विभागाला फोन लावला होता. ‘तुमची तक्रार नोंदवली आहे,’ एवढं बोलून यंत्र गप्प झालं. तो बराच वेळ वाऱ्यात फोन हातात धरून उभा राहिला. मग आत येऊन आकडे वहीत लिहू लागला. दोन दिवस तो वहीत लिहीत होता आणि डिस्कशी झुंजत होता.

तिसऱ्या दिवशी सकाळी त्याने कॉम्प्युटरच्या सेटिंगचं एकेक पान वाचून काढलं. डिस्क जोडण्याची पद्धत तिथे भलतीच निवडलेली होती. त्याने ती बदलली. पांढऱ्या चौकोनात एक ओळ उमटली. डिस्क दिसली! तो खुर्चीतून उठलाच.

पण यंत्राची खोड जिरली नव्हती. सगळं शंभर टक्के भरायचं, कॉम्प्युटर बंद होऊन सुरू व्हायचा आणि पुन्हा पहिलंच पान: ‘भाषा निवडा.’ घाण्याच्या बैलासारखा तो तीनदा फिरून तिथेच आला. चौथ्यांदा त्याची नजर पेन ड्राइव्हवर गेली. तो अजून खोचलेलाच होता, आणि कॉम्प्युटर दर वेळी त्याच्यावरूनच सुरू होत होता. काखेत कळसा अन् गावाला वळसा! त्याने पेन ड्राइव्ह उपसला. नवी डिस्क डोळ्याचं पातं लवायच्या आत सुरू झाली.

वहीतले दोन दिवसांचे आकडे त्याने भराभर भरले, पाठवले. मग बोलणी खायच्या तयारीने कुंपणाच्या कोपऱ्यात गेला आणि मुख्य कार्यालयाच्या ड्यूटी रूमला फोन लावला. एका बाईंनी उचलला.

“मॅडम, डोंगरावरच्या केंद्रातून बोलतोय. आकड्यांना उशीर झाला, कॉम्प्युटर बिघडला होता.”

“कुठे उशीर? तुमचे आकडे तर वेळेवर आलेत. दोन्ही दिवस.”

“कसे येतील? मी आत्ता पाठवले.”

“काका, तुम्हाला कुणी सांगितलं नाही? वर्ष झालं, तुमच्या आवारातल्या खांबावर बसवलेलं यंत्र आकडे आपोआप मोजून पाठवतं. तेच आकडे धरतात.”

“आणि मी भरतो ते?”

“ते कुणी धरत नाही.”

त्याने कुंपणाच्या तारेला हात टेकला. खाली दरीत ढग भरले होते. वस्ती दिसत नव्हती, वाटही दिसत नव्हती. वर्षभर थंडीत कुडकुडत वाचलेलं ते तापमान, पावसात भिजत मोजलेला तो पाऊस. उद्या आपण नसलो, तरी आकडे वेळेवर जातच राहतील.

“बरं. ठेवतो,” तो कसाबसा म्हणाला.

“अहो, थांबा, ठेवू नका! आकड्यांखाली तुम्ही शेरा लिहिता ना? ‘धुक्यातून ससा आला, माझ्याकडे बघून गेला,’ असलं काहीतरी?”

“चौकट रिकामी दिसते, म्हणून खरडतो.”

“मी ड्यूटीवर आले की आधी ते वाचते. दोन दिवस शेरा कोरा, तुमचा फोन लागेना, माझा जीव थाऱ्यावर नाही.” बाईंचा आवाज चढला. “आता एक करा. खालच्या दवाखान्यातून दोन माणसं स्ट्रेचर घेऊन निघालीत, सकाळीच मी हातापाया पडून पाठवलीत. ती धापा टाकत पोचतील, त्यांना निदान चहा तरी पाजा!”