लुळ्या हाताचं माप

“जरा जोर लाव गं! डोळा मोजतेस की माशी हाकलतेस?” खुर्चीत ताठ बसलेले जमिनीचे निवृत्त मोजणीदार सुनेवर खेकसले. “हात नुसता लुळा तुझा!”

डोळ्याच्या दवाखान्यात मोजमापाचं काम तिचंच होतं. बधिर करणारे थेंब घालून पेनासारख्या कांडीचं टोक बुबुळाला जेमतेम टेकवायचं आणि डोळ्याची लांबी काढायची. त्यावरून आत कुठलं भिंग बसवायचं ते ठरतं. नुसत्या उजेडानं मोजणारं मशीन शेजारीच होतं. पण ‘मला काही झालेलं नाही’ म्हणत यांनी मोतीबिंदू इतका पिकवला होता की त्यातून उजेडच आत जाईना.

जन्मभर जमिनी मोजलेला माणूस. साखळी ताणल्याशिवाय माप नाही, ढिलं माप म्हणजे खोटं माप, हे त्यांचं रोजचं पालुपद. असेल बाबा, जमिनीला लागू असेल. पण डोळा म्हणजे माळरान नव्हे, हे यांना सांगायचं कुणी? घरात दुसऱ्यानं तोंड उघडायची सोय होती का!

पहिल्या डोळ्याच्या वेळी सुनेनं कांडी उचलली, तर म्हणाले, “तू नको. बायकांच्या हातात जोर नसतो.” मग तिच्याच खोलीतला दुसरा मोजणारा पुढे आला. दंड पैलवानाचे, अक्कल यथातथा. त्यानं कांडी दाबली आणि यांनी वर आपलं डोकं पुढे रेटलं. “याला म्हणतात माप!”

सुनेनं कागद पाहिला. “बाबा, डोळा दाबला गेलाय. मिलिमीटरभर आखूड आलाय. चुकीचं भिंग बसेल. पुन्हा मोजू या.”

“मिलिमीटर? अगं, मी डोंगर मोजलेत!”

डॉक्टरांना घाई होती आणि मोजणीदारांना त्याहून जास्त. भिंग बसलं. जवळचं लख्ख दिसायला लागलं, लांबचं सगळं धुरकट. चष्म्यानं भागलं असतं. पण नाही! “चष्माच लावायचा तर डोळा कापला कशाला?” आठवड्यातच ते भलत्या बसमध्ये चढले आणि शहराच्या दुसऱ्या टोकाला उतरले. कंडक्टरनं हाताला धरून बाकावर बसवलं, सुनेनं स्कूटरवरून घरी आणलं. तेव्हापासून एकट्यानं फिरणं बंद. एवढा तोरा मिरवणारा माणूस रस्ता ओलांडायला नातीचं बोट धरायला लागला. ते त्यांना मरणाहून जास्त लागत होतं. आता हा एकच डोळा उरला होता. हाही चुकला, तर बोट कायमचं.

तरी आजही त्यांनी पैलवानालाच बोलावलं होतं. तो रजेवर, म्हणून नाइलाजानं सून.

“लाव की आता! किती वेळ डोळ्यासमोर नाचवणार?”

“उठा बाबा. दहा मापं झाली.”

“झाली? कधी?”

सून कागदावर आकडे लिहीत होती. आखूड आलेली दोन मापं तिनं खोडली.

“मला बनवतेस होय! काही कळलंसुद्धा नाही मला,” म्हणत ते तणतणत बाहेर गेले.

दीड महिन्यानं मोजणीदार बसथांब्यावर उभे होते. एकटे. लांब वळणावर बस दिसली आणि त्यांनी तिचा नंबर मोठ्यानं वाचला, जणू रांगेतले बाकीचे सगळे आंधळेच.

“वा, नजर काय छान आहे हो!” शेजारची बाई म्हणाली. “आमच्या आईचंही ऑपरेशन करायचंय. भिंगाचं माप चुकायला नको म्हणतात. तुमचं कुणी घेतलं?”

मोजणीदारांनी तोंड वाकडं केलं.

“माप म्हणाल तर पहिल्या डोळ्याचं. एका पठ्ठ्यानं घेतलं होतं, चांगलं दणकून! या डोळ्याला होती आमची सून. ती कसलं माप घेतेय? कांडी डोळ्याला टेकलीसुद्धा नाही!”