गळ पाण्यात असताना

“मी सांगते मॅनेजरसाहेब, त्या गाडीत काकू जिवंत नाहीत,” पाच नंबरच्या तंबूतली बाई म्हणाली आणि टेबलावरच्या बशीतलं शेवटचं बिस्किट उचललं.

मॅनेजरने कॅम्पच्या ऑफिसच्या खिडकीतून पाहिलं. तळ्यावर राखाडी आभाळ टेकलं होतं. काठावर भरलेले दोनच तंबू, आणि जरा बाजूला मासे पकडायला आलेल्या काकांची लांबलचक घरगाडी. पलंग, शेगडी, संडास, सगळं आतच. गाडीचे पडदे तीन दिवस बंद होते. हंगाम आधीच मेल्यात जमा होता. त्यात एखादी बाई खरोखर मेली, तर पुढच्या वर्षी इथे कुत्रंही फिरकणार नव्हतं.

“काका म्हणाले होते, बायको आत आहे,” तो म्हणाला.

“आत आहेच हो. कशी आहे ते म्हणाले का?”

म्हणाले नव्हते. मॅनेजर आठवू लागला. पहिल्या दिवशी काकांनी बर्फ नेला. दुसऱ्या दिवशी दोनदा नेला. मासा तर एकही लागला नव्हता, मग बर्फ कशाला? गाडीजवळून जाताना कुजका वास येत होता. आणि आज उजाडता उजाडता काका ऑफिसच्या दारात उभे. चेहरा पांढराफटक.

“सोडा आहे का? रात्रभर छातीत जळजळतंय.”

मॅनेजरने सोडा दिला होता. आता त्याला उलगडा झाला. पाप पचत नव्हतं.

“सरळ विचारा ना त्यांना,” बाई म्हणाली.

“कसं विचारू? गळ पाण्यात आहे.”

हा नियम मॅनेजरनेच केला होता. मागे एकदा पोरांच्या आरडाओरड्यावरून मासेमार आणि तंबूवाले हातघाईवर आले होते. तेव्हापासून काठावर पाटी होती: ‘गळ पाण्यात असताना मासेमाराशी बोलू नये. गळ वर येईपर्यंत थांबावे.’ तळ्याकाठी असूनही कॅम्पच्या नळाला पाणी नव्हतं, दिवे मनाला येईल तेव्हा लागत. पण हा एक नियम मात्र कडक होता.

दोघं काठावर गेले आणि काकांच्या मागे दहा पावलांवर थांबले. काका घडीच्या खुर्चीत होते. टोपी डोळ्यांवर, हात मांडीवर, काठी समोरच्या स्टँडमध्ये, तिची मूठ मांडीवर टेकलेली. पाण्यावर लाल बूच तरंगत होतं. अर्धा तास गेला. आमिष बदलायलासुद्धा काकांनी गळ वर घेतला नाही.

“पक्का माणूस आहे,” मॅनेजर कुजबुजला. “गळ वर आला की उत्तर द्यावं लागेल, हे बरोबर ठाऊक आहे.”

“सकाळपासून हेच चाललंय. माझी पोरगी दोनदा बोंबलत शेजारून गेली, वळून बघितलं नाही. आमचे हे म्हणतात, शीक जरा, याला म्हणतात एकाग्रता.”

“बायकोला मारून माणूस इतका शांत बसतो कसा?”

एक बगळा आला आणि काकांच्या बुटाला खेटून उभा राहिला. त्याला मात्र काकांचा काडीचाही संशय नव्हता.

शेवटी बाईच्याने राहवेना. ती मॅनेजरला हाताला धरून घरगाडीपाशी घेऊन गेली. वास आलाच. मॅनेजरने रुमाल नाकाला लावला आणि दार ठोठावलं.

दार उघडलं. आत काकू उभ्या होत्या. गुडघ्याला बर्फाची पिशवी बांधलेली.

बाई किंचाळली.

“काकू, तुम्ही जिवंत आहात,” मॅनेजर म्हणाला.

“का? तुमची काही हरकत आहे?”

“नाही, तो वास...”

“आमिषाचा आहे. हे बादलीत कुजवतात. एकोणीस वर्षं त्या वासात संसार करतेय मी.”

“मग तीन दिवस खाली का नाही उतरलात?” बाईने विचारलं.

“मी रुसले होते,” काकू म्हणाल्या. “दर वर्षी हेच डबकं. यंदा हे म्हणाले, समुद्र दाखवतो. मी मोठ्या हौसेने टोपी घेतली. गाडीत डोळा लागला, उघडला तर समोर पुन्हा हेच. म्हटलं, चुकलो म्हणाल तेव्हाच जमिनीला पाय लावीन.”

“मग? म्हणाले का?”

“आज पहाटे म्हणाले एकदाचे. चुकलो, फक्त एक मासा लागू दे, लागला की तडक समुद्रावर जाऊ.” काकूंनी दाराशी भरून ठेवलेल्या बॅगांकडे पाहिलं. “तेव्हापासून बसलेय वाट बघत. पण यांना कधी मासा लागलाय?”

मॅनेजरच्या जिवात जीव आला. त्याने स्वतः हात दिला. काकूंनी रुंद काठाची गवती टोपी डोक्यावर चढवली आणि तीन दिवसांनी जमिनीला पाय लावला.

काठावर येऊन तिघंही दहा पावलांवर थांबले. काकू काही बोलणार, तोच मॅनेजरने पाटीकडे बोट दाखवलं.

तेवढ्यात लाल बूच एकदम खाली गेलं.

काठी वाकली. रीळ करकरत फिरू लागलं. मासा मोठा होता. काकूंनी दोन्ही हात तोंडावर दाबले. हसू आवरताना त्यांचे खांदे हलत होते. बाईने मॅनेजरचा दंड घट्ट पकडला. कुणी चकार शब्द काढला नाही. नियम म्हणजे नियम.

दोरा संपला. काठी स्टँडमधून उसळली, काकांच्या मांडीवरून घसरत पाण्यात गेली आणि तळ्याच्या मध्याकडे चालू लागली.

बगळा उडाला. काका बसून राहिले.