गप्प पंखा

ट्रकच्या पंख्याचा क्लच मिस्त्रीने दुसऱ्यांदा बदलला, तरी त्याला काही उलगडा होईना. इंजिन तापलं की क्लच पंख्याला धरतो आणि पंखा असा गरजतो की शेजारी उभ्या माणसाचं बोलणं ऐकू येऊ नये. तो गरजला नाही, म्हणजे क्लच कामातून गेला. उभ्या हयातीत मिस्त्रीने हे दुखणं असंच ओळखलं होतं, नुसतं डोळे मिटून.

"मिस्त्री, काटा मधोमध आहे. गाडी तापतच नाहीये. जाऊ का मी?" ड्रायव्हरने तिसऱ्यांदा विचारलं.

"नीट तोंड उघडून बोल की! हल्ली जो तो आपला पुटपुटतोय. आणि काट्याचं मला सांगू नकोस. चालू कर, रेस दे."

इंजिन चांगलं तापलं. बॉनेटखाली वाकलेल्या मिस्त्रीच्या अंगावर वाऱ्याचा झोत आला. सदरा फडफडला, हातातलं फडकं उडून पार भिंतीशी जाऊन पडलं. मिस्त्री चक्रावला. वारा तर एवढा सुटलाय, मग पंखा गप्प कसा? दोन्ही नवे क्लच बाद निघतील?

"अजून रेस दे!" तो ओरडला आणि बाजूला होऊन त्याने केबिनकडे पाहिलं.

ड्रायव्हरचा पाय रेसवरच होता. दोन्ही हात मात्र त्याने कानांवर गच्च दाबून धरले होते, आणि त्याचे ओठ हलत होते.