सावकाश रेषा

गणितात वेग हेच सर्वस्व, असं कॅल्क्युलेटरच्या विक्रेत्याने वर्गाला गंभीरपणे सांगितलं. तो स्वतः अर्धा तास उशिरा आला होता. त्याच्या महागड्या कॅल्क्युलेटरने समीकरण देताच आलेख काढला. मुलींनी माना डोलावल्या. स्वस्तातला मात्र गोगलगायीसारखी रेषा ओढत बसला.

"हा जरा आळशी आहे, बाई," विक्रेता ओशाळून म्हणाला.

तेवढ्यात एरवी ब्र न काढणारी मागच्या बाकावरची मुलगी बोलली. "आता रेषा खाली वळेल."

रेषा वळली.

"हेच चाळीस द्या," गणिताच्या बाई म्हणाल्या. "विचार करायला उसंत मिळते."

विक्रेत्याने मनोमन हात जोडले. असं गिऱ्हाईक त्याने उभ्या जन्मात पाहिलं नव्हतं.

पंधरवड्याने खोकी आली. 'स्वस्तातला फार सावकाश चालतो' या विक्रेत्याच्याच जुन्या तक्रारीवरून कंपनीने नव्या मालाचा वेग तिप्पट केला होता.